उभी केलेली मोटारसायकल वारंवार पडते किंवा ठोकली जाते : काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

पुण्याच्या पेठांजवळ गॅरेज असल्यामुळे माझ्याकडे चालत्या गाडीच्या अपघातांइतकेच काम उभ्या गाडीच्या नुकसानीचे येते. मालकाचे म्हणणे बहुतेक वेळा एकच असते : गाडी नीट लावली होती, कुणीतरी ठोकून पळून गेले. ठोकणारा असतोच, त्याबद्दल वाद नाही. मात्र लिव्हर बदलून दिलेली तीच गाडी काही आठवड्यांनी त्याच बाजूने घासून परत येते, तेव्हा दोष केवळ ठोकणाऱ्याचा नसतो. अशा बऱ्याच गाड्या मुळातच इतक्या कच्च्या उभ्या असतात की शेजारची स्कूटर काढताना लागलेला हलका धक्काही त्यांना पुरतो. म्हणून खाली जो क्रम दिला आहे त्यात आधी गाडी, मग जागा आणि शेवटी दुसऱ्याची चूक असा प्रवास आहे. पहिल्या काही तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच संपतात.

लक्षणे

गाडी आडवी पडलेली सापडली तर प्रश्नच नाही; परंतु गर्दीच्या ठिकाणी कोणीतरी भला माणूस ती उचलून पुन्हा स्टँडवर लावून जातो आणि मालकाला दोन दिवस पत्ताही लागत नाही. मग क्लच दाबताना बोटांना काहीतरी वेगळे जाणवते, कारण लिव्हर वाकलेली असते किंवा तिच्या टोकाची गोळी तुटलेली असते. आरसा फिरलेला असतो, हँडलच्या टोकाचे रबर घासलेले असते, इंडिकेटर देठापासून लोंबत असतो. डावीकडे पडलेल्या गाडीची गिअर लिव्हर आत वाकून इंजिनच्या झाकणाला टेकते आणि गिअर अडखळत पडू लागतात. उजवीकडे पडलेल्या गाडीत पुढच्या ब्रेकची लिव्हर, मागच्या ब्रेकचे पेडल आणि सायलेन्सर यांच्यावर खुणा सापडतात. मागून धक्का बसला असेल तर नंबर प्लेट दुमडलेली असते, मडगार्ड टायरला घासत असतो, टेल लॅम्पच्या काचेला बारीक तडा गेलेला असतो.

न दिसणारी लक्षणेही आहेत. गाडीखाली पेट्रोलचा वास येतो, सकाळी गाडी नेहमीपेक्षा उशिरा सुरू होते, सुरू झाल्यावर थोडा वेळ सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, किंवा सरळ रस्त्यावर हँडल किंचित तिरके धरावे लागते. यांपैकी काहीही आढळले तर आपण नसताना गाडी पडली होती, असे समजून पुढे जावे.

उचलण्यापूर्वी पाहणे

पडलेली गाडी दिसली की हात आपोआप ती उचलायला जातो. पेट्रोल सांडत असेल तर ते योग्यच आहे; पण तसे नसेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मगच गाडीला हात लावावा. हे फोटो विम्यासाठी लागतातच, शिवाय गाडी का पडली याचे उत्तर बहुतेक वेळा त्यांतच असते.

गाडी डावीकडे पडली असून साइड स्टँड मिटलेला असेल, तर ती पुढे सरकली आणि स्टँड मिटून खाली गेली. इथे धक्का मागून बसलेला असू शकतो, किंवा उतारामुळे गाडी आपणहून सरकलेली असू शकते. डावीकडेच पडली आहे पण स्टँड उघडाच आहे, असे असेल तर स्टँडचा पाय जमिनीत रुतला असावा किंवा गाडी आधीपासूनच प्रमाणाबाहेर कललेली असावी. उजवीकडे पडली असेल तर ती जवळजवळ सरळ उभी होती आणि डावीकडून लागलेला धक्का तिला पुरला. या तीन प्रकारांचे उपाय वेगवेगळे आहेत, त्यामुळे हा फरक न पाहता लेगगार्ड विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

ओरखड्याची उंचीही पाहावी. हँडलच्या किंवा आरशाच्या उंचीवरची खूण ही बहुधा दुसऱ्या दुचाकीची असते. कोणीतरी आपली गाडी ओढून काढताना हँडलमध्ये हँडल अडकवलेले असते. गुडघ्याच्या खाली, फूटरेस्ट, सायलेन्सर किंवा नंबर प्लेटच्या पातळीवरची खूण चारचाकीच्या बंपरची असते आणि तिथे अनेकदा बंपरचा रंगही लागलेला सापडतो. जमिनीवर लांब घासल्याची रेघ असेल तर गाडी पडल्यानंतर ढकलली गेली आहे. नुसता ठिपक्यासारखा डाग असेल तर ती जागच्या जागी कलंडली आहे. एखाद्या मोटारीवर संशय घेऊन सोसायटीत भांडण झाल्यानंतर, खूण हँडलच्या उंचीवर आहे आणि शेजारच्याच स्कूटरच्या रबरी मुठीचा काळा रंग टाकीला लागला आहे, असे दाखवून द्यायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

पहिला गिअर

साइड स्टँडवर लावलेली मोटारसायकल न्यूट्रलमध्ये असेल तर तिला पुढे सरकण्यापासून काहीही अडवत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवली की बंद इंजिनातील दाब मागच्या चाकाला धरून ठेवतो आणि मागून लागलेल्या हलक्या धक्क्याने गाडी सहसा सरकत नाही. वॉचमनला गाडी हलवता यावी म्हणून न्यूट्रलमध्ये ठेवण्याची पद्धत अनेक सोसायट्यांत आहे. ती सोयीची असली तरी गाड्या पडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

गिअर नसलेल्या स्कूटरला हा उपाय लागू पडत नाही, कारण इंजिन बंद असताना तिच्या बेल्टची पकड मागच्या चाकावर नसते. काही स्कूटरना मागचा ब्रेक दाबून अडकवून ठेवण्याची कळ असते. ती असेल तर रोज वापरावी. नसेल तर सपाट जागी मेन स्टँड लावावा.

उतार आणि तोंडाची दिशा

या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण लोक नेमके याकडेच दुर्लक्ष करतात.

साइड स्टँड उघडल्यावर तो सरळ खाली नसतो, थोडा पुढे झुकून आपल्या अडणीला, म्हणजे त्याला पुढे जाण्यापासून थांबवणाऱ्या तुकड्याला, टेकलेला असतो. गाडी मागे सरकू लागली तर स्टँड अडणीवर अधिकच घट्ट बसतो. गाडी पुढे सरकली तर स्टँडचा पाय जमिनीला चिकटून राहतो, वरचा भाग गाडीबरोबर पुढे जातो आणि स्टँड मिटतो. त्यामुळे उतारावर तोंड चढाकडे असलेली गाडी टिकते आणि तोंड उताराकडे असलेली गाडी पडण्याची वाट पाहत असते. मेन स्टँडचेही तत्त्व हेच आहे : पुढे ढकलले की गाडी त्यावरून उतरते.

आता हे आपल्या रस्त्यांना लावून पाहावे. पावसाचे पाणी गटाराकडे जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला खोल असतो. फुटपाथकडे तोंड करून काटकोनात लावलेली गाडी म्हणजे उताराकडे तोंड करून लावलेली गाडी होय. तिची मागची बाजू रहदारीकडे राहते ते वेगळेच. तीच गाडी मागे घेत नेऊन मागचे चाक फुटपाथच्या कडेला टेकवले, तर तोंड चढाकडे येते, मागचे चाक कडेला अडते आणि निघताना समोरची रहदारीही दिसते. गाडी मागे ढकलत नेण्याचा अर्ध्या मिनिटाचा त्रास एवढीच याची किंमत आहे.

पुण्यात पी-१, पी-२ असलेल्या रस्त्यांवर, म्हणजे तारखेप्रमाणे आज या बाजूला आणि उद्या त्या बाजूला गाड्या लावायच्या असतात तिथे, आणखी एक गंमत होते. एकदिशा रस्त्यावर गाडी कडेला समांतर लावली असे धरू. डाव्या कडेला लावल्यास साइड स्टँडची बाजू गटाराकडे, म्हणजे खोलगट भागात येते आणि गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते. उजव्या कडेला लावल्यास स्टँड रस्त्याच्या उंच भागावर येतो आणि गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. मग डावीकडून कोणाचा गुडघा लागला तरी ती उजवीकडे, थेट फुटपाथच्या दगडावर कोसळते. एकच गाडी एका तारखेला टिकते आणि दुसऱ्या तारखेला पडते, याचे कोडे अनेकांना सुटत नाही. गाडी तिरकी किंवा काटकोनात लावून मागचे चाक कडेला टेकवले की हा प्रश्न राहत नाही.

हँडल आणि कुलूप

साइड स्टँडवर गाडी लावताना हँडल पूर्ण डावीकडे वळवून कुलूप लावावे. हँडल उजवीकडे वळलेले असेल तर गाडीचा तोल कमी होतो आणि ती सहज हलते. जिथे गाड्या सतत पुढे-मागे कराव्या लागतात अशा गर्दीच्या वाहनतळावर कुलूप लावलेली गाडी लोक मागच्या कॅरियरला किंवा ग्रॅब रेलला धरून ओढतात आणि त्यात ती पडते, ही तक्रार खरी आहे. तरीही मी कुलूप काढून ठेवण्याचा सल्ला देणार नाही. चोरीपेक्षा वाकलेली लिव्हर परवडते. त्याऐवजी अशा ठिकाणी रांगेच्या मधली जागा टाळून खांबाच्या किंवा भिंतीच्या कडेची जागा शोधावी.

स्टँडखालची जमीन

एप्रिल-मे महिन्यांत माझ्या गॅरेजसमोरच्या रस्त्यावर रुपयाच्या नाण्याएवढे खोलगट ठसे उमटलेले दिसतात. ते साइड स्टँडचे पाय आहेत. डांबर ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या रस्त्याचा पृष्ठभाग त्यापेक्षा सहज अधिक तापतो. सकाळी साडेनऊला पक्क्या रस्त्यावर लावलेली गाडी दुपारी तीनपर्यंत बोटभर रुतते आणि तिचा कल वाढत जातो. पावसाळ्यात हाच प्रकार मातीत आणि नीट न बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर होतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. फरशीचा तुकडा, जाड पत्र्याची पट्टी किंवा लाकडी फळीचा तळहाताएवढा तुकडा स्टँडच्या पायाखाली ठेवावा. तो सीटखाली किंवा टूलकिटच्या जागेत मावतो. बाजारात पायालाच बोल्टने बसवायची रुंद पट्टी मिळते. रोज उन्हात गाडी लावणाऱ्याने ती बसवून घ्यावी. मात्र जाड तुकडा ठेवल्यास गाडी सरळ होते आणि उजवीकडे पडण्याची शक्यता वाढते, म्हणून तुकडा पातळ असावा. १९५ किलोच्या बुलेट जातीच्या गाडीला ही पट्टी जितकी लागते तितकी ती ११२ किलोच्या स्प्लेंडरला लागत नाही, हेही खरेच.

स्टँड स्वतः

इथून पुढे हातात पाना घ्यावा लागतो. गाडी सपाट जमिनीवर साइड स्टँडवर उभी करावी आणि चार पावले मागे जाऊन पाहावे. शेजारी त्याच जातीची तुलनेने नवी गाडी उभी करता आली तर फरक लगेच दिसतो. गाडी जास्त कललेली असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. स्टँडचा पाय घासून झिजला आहे का, हे पहिले. बरेच जण चालत्या गाडीतच स्टँड पायाने पाडतात आणि तो वर्षानुवर्षे रस्त्यावर घासतो. दुसरे म्हणजे स्टँडचा बोल्ट आणि त्याचे छिद्र. स्टँड हाताने धरून पुढे-मागे नव्हे तर आडवा हलवून पाहावा. खडखड वाजत असेल तर बोल्ट झिजला आहे. तिसरी गोष्ट स्प्रिंग. स्टँड अर्ध्यावर सोडला असता तो झटक्याने पूर्ण उघडायला किंवा पूर्ण मिटायला हवा; मध्येच रेंगाळत असेल तर स्प्रिंग ढिली आहे आणि अशी गाडी शेजाऱ्याचा पाय लागला तरी पडू शकते. स्प्रिंग आणि बोल्ट साध्या गाड्यांत शे-दोनशे रुपयांत होतात.

गाडी उलट जास्त सरळ उभी राहत असेल तर टायर आणि मागचे शॉकअप पाहावेत. मागच्या टायरमधली हवा कमी झाली, शॉकअप बसले किंवा सामानाचे जड बॉक्स लावले की गाडीची उंची कमी होते आणि स्टँड तिच्या मानाने लांब ठरतो. स्टँड कापून लहान करून घेण्याआधी हवा भरून पाहावी, एवढेच सांगेन. कापलेला स्टँड पुन्हा लांब होत नाही.

जागा आणि चारचाकीवाले

गाडी पक्की उभी असूनही नुकसान होत असेल तर जागा बदलण्याचा विचार करावा. रांगेतली शेवटची गाडी, फाटकाच्या वळणावरची गाडी आणि दोन चारचाकींच्या मधल्या फटीतली गाडी या तीन जागी उभ्या राहणाऱ्या गाड्या माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. मोटार मागे घेणारा माणूस उजव्या बाजूला बसलेला असतो, त्यामुळे त्याला मोटारीच्या मागचा डावा कोपरा सर्वांत कमी दिसतो, आणि मोटारसायकल मागच्या काचेच्या खाली पूर्ण झाकली जाते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले असले तरी तिरके आलेले हँडल किंवा चाकाची अरुंद कड त्यांच्या कक्षेत येईलच असे नाही. त्यामुळे ज्या खाचेत मोटार मागे घेतली जाते तिच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात गाडी लावू नये.

दोन गाड्यांमधले अंतरही पाहावे. साध्या मोटारसायकलचे हँडल ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असते. एक मीटरच्या पट्ट्यात ती लावली तर दोन्ही बाजूंना मिळून वीतभर जागा उरते आणि तेवढ्यात माणसाला आपली गाडी ओढून काढायची असते. शेजारच्या गाडीपेक्षा आपली गाडी फूटभर पुढे किंवा मागे लावली की हँडलसमोर हँडल येत नाही. रांगेत शेजारी मेन स्टँडवर सरळ उभ्या स्कूटर असतील तर त्यांच्यापासून दूरच राहावे, कारण मेन स्टँडचे पाय अरुंद असतात आणि आडव्या धक्क्याला त्या लगेच कलंडतात. एक पडली की रांग खाली येते.

सोसायटीत कायमचा उपाय हवा असेल तर समितीपुढे लेखी मागणी ठेवावी : दुचाकींच्या जागेचे पट्टे स्पष्ट आखणे, मोटारींच्या खाचेत मागच्या चाकांना अडणारे रबरी ठोकळे बसवणे आणि उताराच्या वळणावर बहिर्वक्र आरसा लावणे. यांतले रबरी ठोकळे मला सर्वांत उपयोगी वाटतात, कारण ते चालकाच्या काळजीवर अवलंबून नाहीत. सूचनाफलकांवर माझा फारसा विश्वास नाही. कॅमेरा लावायचा असेल तर तो नंबर प्लेट वाचता येईल अशा उंचीवर हवा. छताच्या कोपऱ्यातून फक्त माणसांच्या टाळू दिसतात.

रात्री रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्यांनी मागचा लाल रिफ्लेक्टर शाबूत आहे का ते पाहावे. काळे किंवा गडद कव्हर घातले की तो झाकला जातो आणि अंधारात गाडी दिसेनाशी होते. शिवाय सैल कव्हरात वारा भरतो आणि वळिवाच्या वाऱ्यात तेवढ्यानेही हलकी स्कूटर पडते. कव्हर चंदेरी असावे आणि खालून बांधलेले असावे.

नुकसान कमी करणारे भाग

पडणे टाळता आले नाही तरी खर्च कमी करता येतो. लेगगार्ड टाकी आणि इंजिनचे झाकण जमिनीपासून दूर ठेवतो. तो बसवावा, पण अवाढव्य बसवू नये, कारण रुंदी वाढली की धक्केही वाढतात. लिव्हरच्या बाबतीत एक जुनी युक्ती आहे. क्लच लिव्हरचा पट्टा हँडलवर पूर्ण ताकदीने न आवळता, हाताने फिरणार नाही पण जोराचा दाब आल्यास फिरेल इतपतच आवळावा. गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी खाली फिरते आणि पुन्हा वर करता येते. पुढे डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकच्या बाजूला ही युक्ती स्वतः करू नये. ते काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

गाडी उचलल्यानंतर

उचलण्याआधी चावी बंद करावी, कार्ब्युरेटरची गाडी असल्यास पेट्रोलचा कॉकही बंद करावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी आणि उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी डावीकडे जाते. उभी केल्यावर दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. आडव्या गाडीत पेट्रोल कार्ब्युरेटरमधून बाहेर येते आणि इंजिन ऑइल इंजिनच्या श्वासनळीतून (ब्रीदर पाइपमधून) एअर फिल्टरकडे जाते. त्यामुळे लगेच स्टार्टर मारत बसल्यास गाडी सुरू होत नाही आणि बॅटरी मात्र उतरते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-निकषांच्या, गाड्यांपैकी अनेकांत गाडी कलंडल्याचे ओळखणारा सेन्सर असतो आणि तो इंजिन बंद पाडतो. अशा वेळी चावी पूर्ण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावी. एवढ्यासाठी टेम्पोत घालून आणलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

मागून धक्का बसून एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा असलेली, नंबर प्लेट फाटली असेल तर चौकातल्या दुकानातून साधी प्लेट करून लावू नये; अधिकृत मार्गानेच बदली प्लेट मागवावी, कारण तिच्यावरचा क्रमांक आणि कुलूप नोंदणीशी जोडलेले असते.

विमा आणि पोलीस

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो. त्यामुळे आपल्या गाडीचा विमा पाच वर्षे आहे असे लोक समजतात. परंतु स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग अनेकदा पहिल्या वर्षानंतर संपलेला असतो. उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून पळाले तर हाच दुसरा भाग कामाला येतो. पॉलिसी काढून आजच तपासावी. तो भाग चालू असला तरी झीज वजा न करणारे कव्हर घेतलेले नसेल, तर प्लास्टिक आणि रबरी भागांच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात, आणि दावा केल्यावर २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढत गेलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो. एक लिव्हर आणि इंडिकेटरसाठी दावा करणे सहसा परवडत नाही. टाकी, सायलेन्सर आणि पुढचे शॉकअप गेले असतील तर अवश्य करावा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी दुरुस्ती सुरू करू नये.

ठोकणारा जागेवर सापडला तर नाव, पत्ता आणि गाडीचा क्रमांक घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३२ प्रमाणे नुकसान झालेल्या माणसाने मागितल्यास, आणि त्याने स्वतःचे नाव-पत्ता दिल्यास, चालकाने ही माहिती द्यायची असते. त्याचा तृतीय पक्ष विमा तुमच्या गाडीच्या नुकसानीलाही लागू होतो; चारचाकीच्या पॉलिसीत ही मर्यादा सामान्यतः साडेसात लाख रुपये आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख रुपये असते. मात्र त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, म्हणून किरकोळ नुकसानीत लोक जागेवर तडजोड करतात आणि त्यात काही गैर नाही. तडजोड करताना गॅरेजचा लेखी अंदाज घेऊन मगच रक्कम ठरवावी. तडजोड होत नसेल तर पोलीस ठाण्यात किमान अदखलपात्र, म्हणजे आपण ज्याला एनसी म्हणतो ती, नोंद करावी. तुमची गाडी नो पार्किंगमध्ये किंवा रस्ता अडवून उभी असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, हे आधीच लक्षात घ्यावे.

कुठे थांबावे

पुढील परिस्थितीत गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये; मेकॅनिकला जागेवर बोलवावे किंवा गाडी टेम्पोतून न्यावी. पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबल्यावर पोकळ लागते किंवा ब्रेक ऑइल पाझरते आहे. डिस्क वाकून चाक फिरताना एका ठिकाणी अडकते आहे. इंजिनच्या झाकणाला तडा जाऊन ऑइल गळते आहे. पेट्रोलची गळती गाडी उभी केल्यानंतरही थांबत नाही. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळत नाही, किंवा मधेच खाच लागल्यासारखे अडते. मागच्या चाकाचा चिमटा किंवा मडगार्ड टायरला घासतो आहे.

हँडल नुसते तिरके झाले असेल तर अनेकदा शॉकअपच्या नळ्या टी मध्ये, म्हणजे त्यांना हँडलखाली धरून ठेवणाऱ्या पकडीत, पिळल्या गेलेल्या असतात आणि बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करता येते. हे काम मेकॅनिकसमोर करावे, कारण सरळ केल्यानंतरही गाडी एका बाजूला ओढत असेल तर नळी किंवा टी वाकलेली आहे आणि ती काढून तपासावी लागते. वाकलेली नळी दाबून सरळ करून देणारे भेटतात. पुढच्या नळीच्या बाबतीत मी ते काम घेत नाही, नवीन टाकतो.

साइड स्टँड ज्या कानाला बसतो तो चेसिसवरचा कान तुटला किंवा वाकला असेल तर रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे थेट जाऊ नये. बॅटरी न सोडता वेल्डिंग केल्यास ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक, जळू शकतो आणि कच्चा जोड भर रहदारीत सुटतो. आधी मेकॅनिककडून बॅटरी आणि ईसीयूची जोडणी सोडवून घ्यावी, मग चेसिसचे काम नेहमी करणाऱ्याकडेच गाडी द्यावी. विजेवर चालणारी स्कूटर पडून बॅटरीच्या पेटीला खोक पडली असेल, पेटी फुगलेली दिसत असेल किंवा उग्र वास येत असेल, तर ती चार्जिंगला लावू नये, जिन्याखाली किंवा घरात आणू नये, मोकळ्या जागी उभी करून कंपनीच्या सेवा केंद्राला बोलवावे. ती पेटी आमच्यासारख्या गॅरेजमध्ये उघडण्याची वस्तू नाही.